साहेबांची पहिली ओळ

"रडलो असं लिहू नका," साहेब फोनवर म्हणाले, "पण वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा माणूस घरी जाऊन रडला असणार."

"कळलं," ताई म्हणाली. तिने फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून धरला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा लॅपटॉप पुढे ओढला.

असली फर्माईश तिला नवी नव्हती. ती घरून ज्या एजन्सीचं काम करायची, तिचा धंदाच मुळी हा. मोठ्या पदांवरच्या माणसांना नोकरी-व्यवसायाच्या साइटवर चार शब्द लिहायचे असतात आणि लिहिता येत नाहीत. एजन्सी त्यांच्या नावाने लिहून देते. बाकीची पोस्ट कुणीही लिहावी, पहिली ओळ मात्र ताईची. कारण फोनवर पोस्टच्या पहिल्या दोन ओळीच दिसतात. पुढे 'आणखी वाचा' येतं आणि तिथे बोट टेकवायचे कष्ट माणूस उगाच घेत नाही. एजन्सीत या ओळीला हूक म्हणत. मासे धरायला बसल्यासारखं वाटतं म्हणून ताईला तो शब्द आवडायचा नाही. धरायची मात्र भरपूर. एजन्सीतले सगळे तिला ताई म्हणत, थोडं वयामुळे आणि थोडं धाकाने.

आजचा विषय नोकरकपातीचा होता. साहेबांनी सकाळीच माणसांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं होतं आणि उद्या सकाळी त्यावर त्यांना पोस्ट टाकायची होती. लोक काही बोलायच्या आत आपण बोललेलं बरं, हा एजन्सीचाच सल्ला.

"मला एक खरा माणूस द्या," ताई म्हणाली. ही तिची ठरलेली पद्धत. "नाव नको. तो काय म्हणाला, कसा उभा राहिला, तेवढं सांगा."

"आहे ना. डिस्पॅचचा एक जुना माणूस आहे आमचा. काय बरं त्याचं नाव... असो, नावाचं काय करायचंय. त्याला सांगितलं, उद्यापासून यायची गरज नाही. तर तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, साहेब, उद्याच्या पहिल्या गाडीत काचेचा माल आहे, तो कुणाला तळाला लावू देऊ नका. बस. एवढं बोलला आणि गेला."

ताईची बोटं आपोआप चालायला लागली. अशी ओळ चालून येते कुठे. नाहीतर लोक सांगतात ते सगळं 'डोळ्यांत पाणी आलं' आणि 'कुटुंबासारखे होतो', त्यात दम नसतो. तिला चक्क आनंद झाला. "वा, हे छान आहे," असं ती बोलूनही गेली.

आणि मग तिच्या लक्षात आलं. त्या कंपनीत डिस्पॅचचा जुना माणूस एकच होता, आणि सकाळी त्याचा डबा तिनेच भरून दिला होता.

"मलाही वाटलंच ते छान आहे," साहेब म्हणाले.

ती साहेबांच्या पोस्ट लिहिते हे तिच्या नवऱ्याला माहीत नव्हतं. कुणाचं लिहितो ते घरीही सांगायचं नाही, अशी एजन्सीची अट होती. सुरुवातीला ती अट म्हणून गप्प राहिली आणि पुढे तिला त्यात मजा यायला लागली. नवरा जेवताना फोन समोर धरून मोठ्याने वाचायचा, "ऐक गं, आमच्या साहेबांनी काय लिहिलंय." ती ताटाकडे बघत ऐकायची आणि मनातल्या मनात खूश व्हायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवरा आपलं कौतुक करतोय, तेही मागितल्याशिवाय, ही गंमत काही वाईट नव्हती.

पण गेल्या वर्षी ती गंमत जरा महागात पडली. नवऱ्याला दुसऱ्या एका कंपनीने बोलावलं होतं. काम हेच, जागा जवळ, वर मानही जास्त. त्याने जवळजवळ हो म्हटलं होतं. तेवढ्यात साहेबांची एक पोस्ट आली. पहिली ओळ अशी होती: 'माझी कंपनी बुडत होती तेव्हा जी माणसं थांबली, त्यांची नावं मला पाठ आहेत.' नवरा त्या थांबलेल्यांपैकी एक होता. ती ओळ त्याने दोनदा वाचली आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्या कंपनीला नाही कळवलं. "आपलं नाव ज्याला पाठ आहे, त्याला सोडून कसं जायचं?" तो म्हणाला होता. ताईने तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. तिने लिहिलेल्या सगळ्या ओळींत ती ओळ तिला सगळ्यात आवडायची.

दुपारी तिने दोन ओळी लिहून पाठवल्या. एकीत कठीण निर्णय होता, दुसरीत जड अंतःकरण. दोन्हींवर कुणाचं बोट थांबलं नसतं. थोड्या वेळात एजन्सीच्या मॅडमचा फोन आला.

"ताई, बरं नाहीये का तुला?"

"बरी आहे की."

"मग हे काय पाठवलंयस? साहेब म्हणतात, तो काचवाला माणूस कुठे गेला? तो वर घे. सगळा जीव त्याच्यातच आहे."

"तो राहू द्या ना, मॅडम. त्या माणसाला कसं वाटेल?"

"नाव कुठे टाकतोय आपण? आणि वाटायचंच तर बरंच वाटेल. चल, पटकन दे."

ताई पुन्हा टेबलाशी बसली. तिला ती ओळ मुद्दाम वाईट लिहिता आली असती. एखादा शब्द जास्त घातला असता, 'जबाबदारी' नाहीतर 'निष्ठा' घुसडली असती, की ओळ मेली असती. पण हात वळला नाही. तिने लिहिलं, 'काल मी ज्याला कामावरून काढलं, त्याने मला उद्याच्या गाडीची काळजी घ्यायला सांगितलं.' एकदा वाचली, 'काळजी घ्यायला' काढून 'काळजी करायला' करून बघितलं, परत पहिलं ठेवलं आणि पाठवून दिली. ओळ उत्तम झाली होती, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी नवरा नेहमीच्या वेळेला आला. हातपाय धुतले, बातम्या लावल्या, जेवायला बसला. भाजीत मीठ कमी आहे म्हणाला. कमी नव्हतं. ताईने मीठ पुढे केलं. तो सांगेल म्हणून ती थांबली आणि आपण कसं सांगावं म्हणून तो थांबला असावा, कारण दोघंही त्या दिवशी नको इतकं पाणी प्यायले.

सकाळी ती चहा टाकत होती तेव्हा तो आंघोळ न करताच फोन घेऊन स्वयंपाकघरात आला.

"ऐक गं," तो म्हणाला, "साहेबांनी माझ्यावर लिहिलंय." आणि त्याने पहिल्या ओळीपासून पोस्ट वाचून दाखवली. आवाज एकदाच अडखळला. वाचून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे तुला कळलंच आता. काल सांगणार होतो."

"अहो..."

"नाही, ऐक ना. वाईट वाटलं काल, खोटं कशाला बोलू. बाहेर येऊन पार्किंगमध्ये नुसता उभा होतो. पण हे बघ ना, केवढ्या लोकांनी वाचलंय. दुसरा कुणी असता तर हिशेब चुकता करून मोकळा झाला असता. ह्यांच्या मनाला लागलंय."

ताईने गॅस बारीक केला. हे मात्र तिला सहन होईना.

"ते त्यांनी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "मी लिहिलंय."

नवऱ्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे. तिने सगळं सांगितलं, एजन्सीची अट, कालचा फोन, मॅडम, सगळं. तो स्टूल ओढून बसला.

"साहेबांची ती वडिलांच्या सायकलवरची पोस्ट होती, तीही तुझीच?"

"साहेबांचे वडील गाडीशिवाय बाहेर पडत नसत. सायकल माझ्या बाबांची."

"तरीच. वाचताना मला सारखे तुझे बाबाच दिसत होते." तो थोडंसं हसला. मग हसू गेलं. "म्हणजे काल मी जेवत होतो तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"मिठाचं बोललो तेव्हाही."

"हो."

तो बोटाने पोस्ट मागे मागे सरकवत राहिला. एकेका ओळीवर थांबून विचारायचा, ही? ती म्हणायची, माझी. आणि ही? तीही. बराच मागे गेल्यावर त्याचं बोट थांबलं. त्याने फोन तिच्यासमोर धरला नाही, वाचूनही दाखवलं नाही. कुठली ओळ ते तिला तशीच कळली.

"आणि ही नावं पाठ असल्याची?" त्याने विचारलं. विचारताना तो तिच्याकडे बघत नव्हता.

खरं बोलायला सुरुवात केली होती, तर तेही सांगून टाकावं, असं तिला वाटलं. जिभेवर आलंही होतं. पण मग त्या दुसऱ्या कंपनीला नाही म्हटलं ते कुणासाठी, हा प्रश्न त्याच्यापाशी उरला असता, आणि त्याचं उत्तर घेऊन त्याला उरलेले दिवस घरात बसावं लागलं असतं.

"ती नाही," ताई म्हणाली. "ती त्यांची. त्यांनी जशी सांगितली तशीच टाकली, मी हात नाही लावला."

"खरंच?"

"खरंच."

"वाटलंच मला," नवरा म्हणाला. "ती वेगळी होती."

मग तो आजच्या पोस्टवर परत आला आणि एका बोटाने, अक्षरं शोधत, खाली कमेंट लिहायला लागला. ताईने मदत करू का म्हणून विचारलं नाही. त्याने 'आभारी आहे' लिहिलं आणि त्याखाली आपलं संपूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. तिथे नाव आपोआप दिसतं हे त्याला ठाऊक होतं, तरी लिहिलं. चष्मा वर करून दोनदा तपासलं आणि पाठवलं.

तोवर आणखी लोकांनी कमेंट केल्या होत्या, अजून येत होत्या. बघता बघता त्याची खाली गेली. ताईने दोन कपांत चहा गाळला.