चेहऱ्याच्या जागी

भाग्यश्रीला जुन्या लेन्सचं वेड लागलं ते नजीरचाचांमुळे. भद्रकालीत त्यांचं जुन्या सामानाचं दुकान. रोलचे कॅमेरे भंगारात गेले, पण त्यांच्या लेन्स चाचांनी फडक्यात गुंडाळून जपल्या होत्या. भाग्यश्री बारशाचे, डोहाळजेवणाचे फोटो काढायची. तिच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर अ‍ॅडॅप्टर लावून त्यातली एक बसवली, तेव्हा नव्या लेन्सनं कधी दिला नव्हता असा मऊ उजेड चेहऱ्यांवर उतरला. फोकस मात्र नजरेच्या भरवशावर, हातानंच करावा लागे. तिला तेच आवडायचं. "लेन्सचं कडं फिरवलं की माणूस हळूहळू आपल्याकडे येतो," असं ती नवऱ्याला, जीवनला, सांगायची.

दिवाळीनंतर कडं कितीही फिरवलं तरी माणसं येईनाशी झाली.

पंचवटीत सुवर्णाच्या बाळाचं बारसं होतं. देवळ्याहून बाळाची पणजी, चंद्रभागाआजी, मुद्दाम आली होती. आजीनं बाळाला मांडीवर घेतलं. भाग्यश्रीनं कडं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. पाळण्याची झेंडूची माळ लख्ख दिसे, पण आजीच्या नाकाडोळ्यांच्या जागी नुसता धुरकट डाग. तिनं अंदाजानंच फोटो घेतले.

घरी कॉम्प्युटरवरही तेच. प्रत्येक चेहऱ्यावर डाग. जीवन सेकंड शिफ्टला गेला होता. असलं काम कुणाला दाखवायचीही तिला लाज वाटली. रागाच्या भरात तिनं सगळे फोटो पुसून टाकले आणि सुवर्णाला कळवलं, "कार्ड खराब झालं गं." पुढची दोन बारशी तिनं त्याच कार्डावर काढली. तीही तशीच दिसली, तेव्हा लेन्स घेऊन ती तडक भद्रकालीत गेली.

"चाचा, बुरशी लागलेली लेन्स दिलीत मला."

चाचांनी टॉर्च मारून लेन्स आतून बाहेरून निरखली. "बेटा, काच एकदम साफ आहे. काढ बघू माझा फोटो."

तिनं काढला. चाचांनी स्क्रीनवर मोठा करून पाहिला आणि हसले. "दाढीचा केस न् केस दिसतोय की!"

तिनं पाहिलं. तिला डागच दिसला. गोंधळून तिनं मान वर केली. समोर चाचा उभे होते, कॅमेरा खाली होता, आणि चाचांना चेहरा नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता, दोन्ही डोळ्यांचा. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. चष्मा नाही, ऑपरेशन नाही. "रक्तातूनच येतो हा आजार," ते म्हणाले. "तुमचं काही चुकलेलं नाही."

रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की मग ते पुसलेले फोटोही चांगलेच असणार. जीवननं कार्ड दोन दुकानांतून फिरवून आणलं. नवे फोटो वर चढले होते, जुनं काही निघालं नाही.

माघात सुवर्णाचा फोन आला. आजी गेली होती. "ताई, त्या दिवसाचा एक तरी फोटो निघतो का बघा ना. पुसट असला तरी चालेल. भिंतीवर लावायला आमच्याकडे तिचा एकही नाही."

कार्डाचं खोटं अजून खपलं असतं. पण भाग्यश्रीच्यानं राहवेना. "कार्ड खराब झालं नव्हतं, सुवर्णा. मीच पुसले. फोटो चांगले होते, मलाच दिसले नाहीत."

पलीकडे बाळ रडत होतं. सुवर्णानं त्याला थोपटलं. मग हळूच म्हणाली, "मला का नाही विचारलंत?" आणि फोन ठेवला. भाग्यश्रीनं पुन्हा लावला. उचलला नाही.

जीवन कामावरून आला तेव्हा घरात दिवा लावलेला नव्हता. त्यानं बटण दाबलं आणि तिच्यासमोर येऊन बसला. "रडलीस? बघ माझ्याकडे."

तिनं बघितलं. त्याचे कान दिसले, खांदे दिसले, शर्टाचं वरचं उघडं बटण दिसलं. तिनं मान जराशी वळवली, तेव्हा कडेनं त्याचा एक डोळा दिसला. तो पाण्यानं भरलेला होता.

"तिकडे कुठे बघतेस?" जीवन म्हणाला.