जावई नळ

टाकीच्या पायथ्याशी, प्रयोगशाळेच्या दारापासून चाळीस पावलांवर एक पितळी नळ होता. पाणीपुरवठा खात्यातले लोक त्याला जावई म्हणत. शहराचं सगळ्यात ताजं, नुकतंच औषध घातलेलं पाणी आधी त्याच्या वाट्याला यायचं, आणि त्याने आजवर कुणाला तोंडघशी पाडलं नव्हतं. बाकीचं शहर मागून.

त्या सोमवारीही तपासनीस नऊला आला, घरून आणलेली पाण्याची बाटली टेबलावर ठेवली, चहा सांगितला आणि बारा निर्जंतुक बाटल्यांचा ट्रे घेऊन जावयाकडे गेला. बारा बाटल्यांवर बारा गल्ल्यांच्या चिठ्ठ्या. नियम असा, की बाराही गल्ल्या फिरायच्या आणि प्रत्येक गल्लीतल्या नळावर आपापली बाटली भरायची. त्याने उभ्या उभ्या एकाच नळाखाली बाराही भरल्या. चहा यायच्या आत काम फत्ते!

माणूस वाईट नव्हता हो. नोकरीच्या पहिल्या वर्षी तो खरंच उन्हातान्हात फिरला होता. शेवटच्या गल्लीचा नमुना खराब निघाला तेव्हा मोठे साहेब म्हणाले, "पुन्हा घे." पुन्हा खराब. "अरे, पुन्हा घे की!" चौथ्या वेळी साहेबांनी खांद्यावर हात ठेवून जावयाची ओळख करून दिली. साहेबांना ती त्यांच्या साहेबांनी करून दिली होती. खराब नमुना म्हणजे रस्ता खणा, पाइप शोधा, वर उत्तरं द्या. चांगला नमुना म्हणजे सगळ्यांना सुखाची झोप. तपासनीसही झोपायला शिकला. सहा वर्षं शेवटच्या गल्लीत त्याने पाऊल टाकलं नाही.

ट्रे घेऊन तो परत आला तर धुवायच्या बाटल्या मोरीत तशाच पडलेल्या.

"मावशी कुठंय?"

"दवाखान्यात," शिपाई म्हणाला. "तिच्या सुनेला कावीळ झालीय. पोटुशी आहे ना ती. डॉक्टर म्हणतात, अवघड आहे."

तपासनीसाने हातातला ट्रे खाली ठेवला.

मावशी बाटल्या धुवायची. प्रत्येक बाटली तीनदा विसळायची, खिडकीच्या उजेडात धरून बघायची, बुचावर कागद बांधून भट्टीत ठेवायची. "लोकांच्या जिवाचं काम आहे, साहेब," असं वर तपासनीसालाच ऐकवायची! राहायची शेवटच्या गल्लीत. दीड महिन्यापूर्वी तिने पदराला हात पुसत विचारलं होतं, "साहेब, आमच्याकडं नळ आला की पहिलं पाणी गढूळ येतं. वासही मारतं. मी उकळून घेते, पण गॅस काही पुरत नाही. सून पोटुशी आहे म्हणून विचारते, नाही उकळलं तर चालेल का?"

त्याने रजिस्टर उघडलं होतं. स्वतःच्याच अक्षरातली ओळ तिला बोट ठेवून दाखवली होती. "हे बघा, शेवटची गल्ली. औषध बरोबर, जंतू नाहीत. पहिल्या दोन बादल्या सोडून द्या आणि बिनधास्त प्या."

"तुमच्या तोंडात साखर पडो," मावशी म्हणाली होती.

बुधवारी सून गेली. पोटातलं बाळही गेलं. गल्लीत आणखी चौदा जणांना कावीळ झाल्याचं शिपायाने सांगितलं.

त्या संध्याकाळी जेवताना त्याने बायकोला सांगितलं. ती फिल्टरखालून तांब्या भरत होती. "अगं बाई! तीच ना, तुमच्या मावशींची सून?" ती हळहळली. मग थोडं थांबून म्हणाली, "अहो, पण तिकडचं पाणी तुम्हीच तपासता ना?"

"हो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो भेटायला गेला. सहा वर्षांनी गल्ली पाहिली. पाण्याचा पाइप उघड्या गटारातूनच गेलेला, सांध्याला चिंध्या गुंडाळलेल्या. नळ बंद असेल तेव्हा तो पाइप काय पीत असेल, हे सांगायला प्रयोगशाळा नको होती.

मावशी उंबऱ्याशी बसली होती. मुलगा आत भिंतीकडे तोंड करून. शेजारीण कुजबुजली, "कालपासून आईशी शब्द बोललेला नाही."

"बोलू काय?" मुलगा आतून ओरडला. "डॉक्टरांनी सांगितलं, पाण्यातून आली. ती रोज विचारायची, आई, पाणी उकळू का? ही म्हणायची, राहू दे!"

मावशी खाली मान घालून म्हणाली, "माझंच चुकलं, साहेब. तुम्ही नीट तपासून सांगितलं होतंत. माझीच भांडी कुठंतरी घाण राहिली असणार. सुनेला मीच खाल्लं."

खरं सांगायची हीच वेळ होती. तपासनीसाने तोंड उघडलं आणि त्यातून निघालं काय, तर "असं म्हणू नका, मावशी." एवढं बोलून तो उठला. वाचकहो, त्याच्यावर थुंकावंसं वाटतंय ना? रस्त्याच्या वळणावर त्याला स्वतःलाही तसंच वाटलं. पण पाय मागे वळले नाहीत.

ते वळवले मोठ्या साहेबांनी. शुक्रवारी सकाळी त्यांनी चौकशीचा अहवाल पुढे सरकवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: रहिवाशांनी घरात अस्वच्छ भांड्यांत पाणी साठवल्यामुळे. पुरावा म्हणून मावशीच्या घराचा क्रमांक. सोबत रजिस्टरची नक्कल.

"सही कर," साहेब म्हणाले. आवाज मऊ होता. "गेलेलं माणूस काही परत येणार नाही. तुझी पोरं शिकतायत. आणि म्हातारी स्वतःच कबूल करतेय म्हणे."

पेन हातात होतं. त्याच्या डोळ्यांपुढे उजेडात बाटली धरून डाग शोधणारी मावशी आली. अस्वच्छ भांडी! तिची! त्याला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

"साहेब, तिची भांडी आपल्या रजिस्टरपेक्षा स्वच्छ आहेत."

"डोकं ठिकाणावर आहे ना? तुझ्याबरोबर मीही बुडेन."

"बुडू या मग. मी सही करत नाही." त्याने त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं, की सहा वर्षांत शेवटच्या गल्लीचा एकही नमुना त्या गल्लीतून घेतलेला नाही. खाली सही केली, आवक विभागात देऊन शिक्का मारून घेतला आणि तडक निघाला.

मावशी तिथेच, उंबऱ्याशी. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"मावशी, भांड्यांचा काही दोष नाही. तुमचाही नाही. मी इथलं पाणी कधी तपासलंच नाही. टाकीजवळच्या नळाचं पाणी भरून त्यावर तुमच्या गल्लीचं नाव लिहायचो. तुम्हाला दाखवलेली ओळ खोटी होती." मग आतल्या अंधाराकडे बघून म्हणाला, "ऐकलंस ना रे? तुझ्या आईने नाही, मी मारलं तिला."

मुलगा बाहेर आला. त्याने तपासनीसाची कॉलर धरली, हात उगारला. मावशीने तो हात वरच्या वर धरला.

"थांब," ती म्हणाली. मग ती तपासनीसाकडे वळली. "मी तुमच्या बाटल्या तीनदा विसळत होते, साहेब," ती म्हणाली. "तीनदा."



तेवढ्यात गल्लीत बादल्या वाजल्या. पाण्याची वेळ झाली होती. मावशी भिंतीला धरून उठली.

"माझ्यापुढं कबूल करून काय उपयोग? माझी गेली. ह्या सगळ्या अजून तेच भरतायत. चला, त्यांना सांगा. जे मला सांगितलंत तेच, मोठ्यांदा."

तिने त्याला रांगेपुढे नेऊन उभं केलं. त्याने सांगितलं. पहिल्यांदा आवाज फुटेना, तर मावशी म्हणाली, "ऐकू येत नाही." त्याने पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, नाव-हुद्द्यासकट. हे पाणी पिऊ नका, दुसरी सोय होईपर्यंत खळखळून उकळल्याशिवाय घोटही नको, कावीळ इथूनच येतेय. कुणी शिव्या दिल्या, कुणी बादली त्याच्या पायांवर ओतली. तो हलला नाही.

मागून एक बाई पुढे आली. पाठीशी मुलगी, पोट दिसायला लागलेली.

"हिला सहावा लागलाय," बाई म्हणाली. "आजपासून उकळीन. पण आतापर्यंत प्यायली, त्याचं काय हो?"

मुलगी त्याच्याकडे बघत होती. तिचे डोळे पिवळे आहेत की उन्हामुळे तसे दिसतायत, हे त्याला कळेना.