शीतळबाबाचं चूर्ण आणि फुगलेला केक

शिंप्याच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे टेबलावर काचेचा ग्लास आणि त्यात पिवळसर पाणी. शीतळबाबा डोळे मिटून गरजला, "हे तुमच्या पोटातलं पित्त. हीच ती आग!" मग त्याने चिमूटभर पांढरं चूर्ण वरून सोडलं. पाणी फसफसून ग्लासाबाहेर आलं.

"गेली का आग?"

"गेली, गेली!" सगळा हॉल ओरडला.

बाबाने हे पित्त कोणाच्या पोटातून काढून आणलं, हे विचारायचं मात्र एकालाही सुचलं नाही. पहिल्याच रांगेत बेकरीवाला हात जोडून बसला होता. शेजारी त्याची बायको. तिला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. तिचं लक्ष ग्लासाकडे नव्हतंच, नवऱ्याकडे होतं. मैद्याचं पोतं उचललं की त्याच्या छातीत जळजळायचं, दरदरून घाम फुटायचा. टेकलं की थांबायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ताबडतोब हृदयाची तपासणी करून घ्या." पण बाबाने बजावलेलं, "डॉक्टरची पायरी चढलास तर चूर्णाचा गुण जाईल." झालं! नवरा हटून बसला.

"अहो, जेवल्यावर होत नाही, पोतं उचलल्यावर होतं. हे कसलं पित्त?"

"तू गप्प बस. चूर्ण घेतल्यावर ढेकर कसा खणखणीत येतो, बघ!"

ढेकर हेच ज्याचं प्रमाणपत्र, त्याच्यापुढे किती डोकं फोडायचं?

बेकरीत पांढरी पूड दिसली की डब्यात भरायची आणि फळीवर ठेवायची, ही नवऱ्याच्या हाताची जुनी सवय. चूर्णाचंही त्याने तेच केलं. सादळू नये म्हणून सोड्याच्या रिकाम्या डब्यात ओतून ठेवलं. सकाळच्या घाईत वहिनीने तोच डबा उचलला, दह्यात कालवलेल्या पिठात चूर्ण घातलं आणि केक भट्टीत सरकवला. केक टम्म फुगला.

"अगं, माझं चूर्ण कुठंय?" नवरा फळीपुढे किंचाळला.

वहिनीने डबा पाहिला, केक पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! मेला भोंदू, चूर्ण म्हणून लोकांना खाण्याचा सोडा वाटतोय!"

"वाट्टेल ते बोलू नकोस," म्हणत नवरा संध्याकाळी पुन्हा पहिल्या रांगेत. पाठोपाठ वहिनीही गेली, हातात केक आणि सोड्याचा नवा पुडा. बाबाने डोळे मिटताच तिने ग्लास उचलून नाकाशी नेला.

"हे पित्त? लिंबाचं पाणी आहे हे!" तिने पुडा फोडून चिमूट टाकली. फस्स!

बाबा चपापला, मग गोड हसला. "माते, तुझ्या हातून माझीच शक्ती वाहतेय."

"हो का? म्हणजे वाण्याच्या फळीवर तुमचीच शक्ती मांडून ठेवलेली असते! आणि हा केक तुमच्या चूर्णाने फुगलाय. असा चमत्कार आमच्या भट्टीत रोज होतो. आम्ही नाही कधी पाया पडून घेत."

शिंपीकाका आधी हसले, मग ओशाळले. "पण वहिनी, मला बरं वाटतं हो त्याने."

"वाटणारच, काका. सोड्याने पोटातलं आंबट मरतं, हवा सुटते, घटकाभर थंड वाटतं. पण छातीतली प्रत्येक आग पोटाचीच, हे या बाबाला कोणी सांगितलं?" ती नवऱ्याकडे वळली. "अहो, मला भीती वाटते. उठा ना."

बाबा मागच्या जिन्याने कधी सटकला, कळलंच नाही. नवरा निमूटपणे उठला. जिना उतरताना मध्येच खाली बसला, छातीवर हात, शर्ट घामाने चिंब. शिंपीकाकांनी रिक्षा बोलावली. इस्पितळात कळलं, हृदयाची रक्तवाहिनी तुंबली होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर हातात फक्त चूर्ण उरलं असतं.

जेवून लगेच आडवं होऊ नये, रात्री दोन घास कमी खावेत. साध्या जळजळीला एवढं बऱ्याचदा पुरतं. तरी ती हटली नाही, किंवा काम करताना छाती जळून घाम फुटला, तर बाबाही नको आणि डबाही नको. तडक डॉक्टर गाठा. डोकं आपल्याला नुसतं टेकवायला दिलेलं नाही.

चौथ्या दिवशी नवऱ्याने इस्पितळातल्या खाटेवरूनच विचारलं, "बाबाचं पुढे काय झालं गं?"

"डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात रांगेत बसला होता," वहिनी म्हणाली. "पित्ताच्या गोळ्या हव्या होत्या म्हणे."