एक नगही मिळेल

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. शाळेतली नव्हे. मी भाजीच्या दुकानाबाहेर उभी असायचे आणि माझ्यावर रोज सकाळी खडूने भाव लिहिले जायचे. आता माझ्यावर कुणी काही लिहीत नाही. पण लिहिलेलं सारं मला आठवतं. पुसल्याने अक्षरं जातात. पाटीच्या आतलं जात नाही.

माझा जन्म एका मोडक्या कपाटातून झाला. कपाटाला वाळवी लागली होती, दार तेवढं शाबूत होतं. सुताराने ते कापलं, कडा घासल्या, मागे दोन पाय ठोकले. मग काळा रंग चढला आणि वरच्या बाजूला पांढऱ्या तेलरंगात दोन शब्द आले, ‘आजचे भाव’. रंग वाळेपर्यंत मला उन्हात टेकवून ठेवलं होतं. येणारा-जाणारा वाकून वाचायचा आणि खाली कोरं बघून हसायचा. कुणीतरी म्हणालंसुद्धा, “वा! आज सगळंच फुकट!” माझ्याकडे बघून माणसं इतकी मोकळी हसली ती तेव्हाच.

दुकान अक्काचं होतं. अक्का आणि तिचा धाकटा भाऊ, दोघंच. आईवडील लवकर गेले, भावाला मोठं करून त्याचा संसार थाटून देता देता अक्काचं स्वतःचं लग्न राहून गेलं. भाऊ पहाटे मोठ्या बाजारातून टेम्पो भरून आणायचा आणि अक्का दिवसभर गल्ल्यावर बसायची. भाज्या, अंडी, लिंबं, थोडी केळी, एवढाच माल. दुकान एवढं चिंचोळं की दोघांपैकी एकाला आत जायचं तर दुसऱ्याला बाहेर यावं लागे.

भाव लिहायचं काम भावाचं. त्याचं अक्षर मोत्यासारखं. वांग्याचा भाव लिहिताना बाजूला दोन डोळे आणि मिशा काढायचा. लोक थांबून बघायचे, माझं कौतुक करायचे. “पाटी बघूनच भाजी घ्यावीशी वाटते,” असं एक बाई म्हणाल्या होत्या, तो दिवस मी कधीच विसरणार नाही.

आणि मग भाव वाढायला लागले.

सुरुवातीला वाटलं, दर वर्षी चढतात तसे चढतील आणि उतरतील. पण त्या वर्षी ते चढले आणि वरच बसले. आज खोडलेला आकडा उद्या परत खोडावा लागे. मिशा काढायला जागा उरेना आणि भावाला हौसही उरेना. माणसं लांबूनच मला वाचायची, पिशवीची घडी घट्ट करायची आणि पुढे जायची. मित्रांनो, रस्त्यावरच्या एकूण एक माणसाने आपल्याकडे बघावं आणि एकालाही ते बघणं आवडू नये, हे काय असतं ते मला विचारा. जणू भाव मीच ठरवत होते.

त्यातच चौकात मोठं दुकान उघडलं. काचेची दारं, गार हवा, ढकलगाड्या. तिथे सगळं पाकिटात बांधलेलं. मोठं पाकीट घेतलं तर स्वस्त. ज्यांच्या घरी खाणारी तोंडं जास्त आणि एकदम पैसे टाकायची ऐपत, ती सगळी घरं तिकडे वळली. आमच्या दारात दुपारी माशी मारायलाही गिऱ्हाईक नसे.

एके सकाळी भावाने भाव लिहिले, खडू खिशात टाकला आणि तिथेच उभा राहिला.

“अक्का, त्या मोठ्या दुकानात गाडीवर माणूस पाहिजे. पगार ठरलेला आहे.”

अक्का मटार निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“ठरवलंयस की विचारतोयस?”

“पोरीची शाळा आहे, अक्का. दोन घरं या दुकानावर नाही चालत.”

“मग विचारतोयस कशाला? जा. खडू तेवढा ठेवून जा.”

त्याने खिशातला खडू काढून माझ्या कडेवर ठेवला. त्यानंतर माझ्यावर अक्काचं अक्षर आलं. ते तिरकं होतं. ओळ डावीकडून सुरू व्हायची आणि उजवीकडे पोचेपर्यंत खाली घसरायची. तिने कधी चित्र काढलं नाही.

आमच्याकडे रोज न चुकता येणारं एकच माणूस होतं, शिंपीकाका. पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे. तयार कपड्यांच्या दुकानांनी त्यांचं शिवणकाम कधीच बंद पाडलं होतं, पण गळ्यात टेप अजून असायची. ते माझ्यापुढे उभे राहायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि वरपासून खालपर्यंत पुटपुटत वाचायचे.

“अक्का, टोमॅटोची शिलाई एवढी कशी? बाह्या लावल्यात का त्याला?”

“कापडच महाग झालंय काका, मी तरी काय करू?”

मग ते “बरं, बघतो” म्हणून निघून जायचे. बहुतेक वेळा काही न घेता. भाऊ गेल्यावर अक्काचा स्वभाव जरा तिखट झाला होता. एक दिवस तिला राहवलं नाही.

“काका, भाव इथे वाचायचे आणि पिशवी चौकात भरायची, हे काही बरं नाही हं.”

दोन-तीन बायका उभ्या होत्या. काकांनी चष्मा खाली घेतला. रागावले नाहीत, उलट थोडे लाजले.

“चौकात नाही जात हो मी. भाव घरी न्यायला लागतात. ही विचारते ना.”

“कोण, काकू?”

“अंथरुणावरून उठता येत नाही तिला आता. जन्मभर बाजार तिनेच केला, लांबच्या मंडईतून, मी कधी मिरचीसुद्धा आणली नाही. आता मी जाऊन सगळे भाव सांगतो आणि ती ठरवते काय आणायचं. तासभर जातो आमचा. मग बहुतेक दिवशी ठरतं, की आज काही आणायचं नाही.”

अक्काने ओलं फडकं घेतलं, मला पुसलं आणि सगळे भाव पुन्हा लिहिले. मोठ्या अक्षरात, चष्मा न चढवता वाचता येतील असे.

त्या दिवसापासून दोन बायकांचा एक विलक्षण व्यवहार सुरू झाला. त्यांनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. “काकूंना सांगा, भोपळा आज घेऊ नका, उद्या उतरेल.” दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं, “ती म्हणते, भोपळ्याचं ठीक आहे, पण परवाच्या बटाट्यात दोन हिरवे निघाले.” अक्का कमरेवर हात ठेवायची. “म्हणावं, अंथरुणावरून बटाटे बरे दिसतात!” आणि वर दोन बटाटे जास्त टाकायची. काका तीन मजले चढून ते भांडण पोचवायचे आणि पायऱ्या उतरून उत्तर आणायचे. त्या दिवसांत माझ्यावरचे आकडे तेच होते, महागडेच. पण कुणीतरी ते घरी नेऊन त्यावर तासभर बोलतं, याचं मला फार सुख वाटायचं.

एका थंडीत काकू गेल्या.

काका बरेच दिवस दिसले नाहीत. मग एका सकाळी आले, दाढी वाढलेली, टेप मात्र गळ्यात. माझ्यापुढे उभे राहून त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं. सवयीने वळले, दोन पावलं गेले आणि रस्त्यातच थांबले. पाठमोरे. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, तरी हलले नाहीत. नेलेले भाव ऐकायला घरात कुणी नाही, हे त्यांना तिथे आठवलं असावं.

अक्काने हाक मारली, “काका, या इकडे. काय देऊ?”

ते परत आले. एखाद्या परक्या दारात उसनं मागायला उभं राहावं तसे उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “एक टोमॅटो मिळेल का?”

आमच्याकडे पाव किलोच्या खाली काही द्यायचं नाही, असा भावाने घालून दिलेला नियम होता.

“पाव किलो नेला की निम्मा सडतो,” काका म्हणाले. “एकट्याला किती लागतं? टाकून देताना हिचं तोंड डोळ्यांपुढे येतं. आणि या भावात टाकायचं म्हणजे...”

अक्काने ढिगातला चांगला, कडक, लालभडक टोमॅटो निवडला आणि त्यांच्या हातात दिला. “न्या. राहू द्यात पैसे.”

काकांनी तो परत ढिगावर ठेवला.

“फुकट नको, अक्का. मग उद्या येता येणार नाही मला.”

तेव्हा अक्काने तो टोमॅटो तोलला. काटा जेमतेम हलला. तिने हिशोब करून चिल्लर घेतली, नीट मोजून गल्ल्यात टाकली. काका गेल्यावर ती बाहेर आली, माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि अगदी तळाशी, जिथे जागा उरली होती तिथे लिहिलं, ‘एक नगही मिळेल’.

मित्रांनो, इतकी वर्षं मी त्या गल्लीत उभी होते. सगळ्यांचे चेहरे मला पाठ होते. पण त्या गल्लीत एकटी माणसं किती आहेत, हे मला त्या ओळीनंतर कळलं.

पहिल्यांदा दवाखान्यातली नर्स आली. रोज समोरून भरभर जायची. ती थांबली, वाचलं आणि एक लिंबू, दोन मिरच्या मागितल्या. बँकेचा पहारेकरी एक कांदा घेऊन गेला, गणवेशाच्या खिशात घालून. भाड्याच्या खोलीत राहणारी एक विद्यार्थिनी एकच अंडं तळहातावर धरून घरी न्यायची, बोटांचं कुंपण करून. एक साहेब होते, चकचकीत बूट, इस्त्रीचा सदरा. त्यांनी आधी इकडेतिकडे बघून घेतलं आणि मग विचारलं, “अर्धा कोबी देता का?”

“दुसरा अर्धा कोण नेणार, साहेब?”

“नेईन मी,” मागून शिंपीकाका म्हणाले.

अक्काने कोबी मधोमध कापला. दोघांनी आपापला अर्धा घेतला आणि दोन दिशांना गेले. पण दुसऱ्या दिवशी काकांनी साहेबांना विचारलं, “तुमच्या अर्ध्यात अळी निघाली का हो?” साहेब म्हणाले, “नाही. तुमच्या?” “माझ्यातही नाही.” एवढंच बोलणं. तरी ते दोघे रस्त्यात भेटले की मान हलवायला लागले. पुढे अर्ध्या भोपळ्याचे, अर्ध्या काकडीचे असे किती सोबती झाले. कोणी कोणाच्या घरी जात नव्हतं. पण आपल्या भाजीचा दुसरा तुकडा कुठे शिजतोय, ते ठाऊक असायचं.

यातून अक्का श्रीमंत झाली, असं मी सांगणार नाही. चिल्लर वाढली, गल्ला तेवढाच राहिला. मोठ्या दुकानाचा गणवेश घालून भाऊ अधूनमधून यायचा आणि तळाची ओळ वाचून कपाळाला हात लावायचा.

“अक्का, असं एकेक विकून पोट भरतं का?”

“पोट नाही भरत,” अक्का म्हणायची. “दिवस भरतो.”

पण भाऊ गेल्यापासून पहाटेचा माल अक्काच आणत होती आणि तिचे गुडघे काही ऐकत नव्हते. त्यासाठी माणूस लावावा तर तो परवडेना. मालकाने भाडं वाढवलं. शेवटी भाऊच म्हणाला, “आता माझ्याकडे चल. तू मला सांभाळलंस, आता माझी पाळी.” अक्का बरीच भांडली. मग एक दिवस भांडायची थांबली.

शेवटच्या सकाळी तिने मला ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलं आणि लिहिलं काहीच नाही. काका आले. चष्मा कपाळावर चढवला आणि कोऱ्या पाटीपुढे नेहमीइतकाच वेळ उभे राहिले.

“आज काय भाव, अक्का?”

“आज सगळं संपलं, काका.”

तिने उरलेलं एकेक त्यांच्या पिशवीत घातलं. एक वांगं, एक बटाटा, दोन लिंबं. काकांनी पैसे काढले नाहीत आणि तिनेही मागितले नाहीत. उद्या यायचंच नव्हतं.

आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. नव्या दुकानदाराला माझा उपयोग नव्हता, पण दुकानासमोरच्या गटाराला फळी हवी होती. त्याने माझे पाय तोडले आणि मला गटारावर पालथी घातली. माझं तोंड खाली काळ्या पाण्याकडे आहे. मी पूर्वी लोकांचे डोळे ओळखत होते, आता पाय ओळखते. नर्सचं घाईचं पाऊल, साहेबांचे बूट. ते रोज माझ्यावरून जातात. एकमेकांशी बोलताना मात्र ऐकू येत नाहीत. कोबी आता पाकिटात येतो, आख्खा.

काकाही जातात. काठी आधी टेकते, मग एक पाय, मग दुसरा. आपण कशावर उभे आहोत हे त्यांना ठाऊक नाही. पण पाटी वाचणाऱ्याला पाटी कशी विसरेल? चौकातून ते काय आणतात ते मला दिसत नाही. काही आणतात की नाही, तेही नाही. मला फक्त त्यांचं वजन कळतं. आणि मित्रांनो, हल्ली ते फार हलके झाले आहेत.

माझं काही मागणं नाही. फळी आहे, कुजेपर्यंत कामाला येईन. पण तुम्ही बाजारात जाल तेव्हा कुणी भावाच्या पाटीपुढे जरा जास्त वेळ उभं दिसलं, तर “चला, सरका” म्हणू नका. त्यांच्या शेजारी उभे राहा. आणि एक कोबी घेऊन विचारा, “अर्धा नेता का?”