पाइपाचं तोंड

दुकानदारानं कागदाचा कपटा चिमणीखाली धरला, बटण दाबलं, अन् कपटा फटकन जाळीला जाऊन चिकटला.

“बघा काय ओढ आहे, सर! घरात नॉनव्हेज बनतं?”

“कधीमधी,” राजानंद म्हणाला.

गिरिजाबाईंनी मुलाकडं पाहिलं. “आयतवारी अन् बुधवारी,” त्या म्हणाल्या. “अन् सुकट, मन होईल तवा.”

दुकानदार हसला. राजानंद हसला नाही.

मग दुकानदारानं दोन्ही प्रकार समजावले. एक पाइपाची, धूर, वास, वाफ सगळं भिंतीतून बाहेर फेकणारी. दुसरी बिनपाइपाची, कोळशाच्या जाळीत वास जिरवून तीच हवा घरात परत सोडणारी. ओढ पहिलीची जास्त. दुसरीचा फायदा एकच, बाहेर कुणाला काही कळत नाही.

“बिनपाइपाची द्या,” राजानंद म्हणाला.

“उद्या सांगते,” म्हणत गिरिजाबाई उठल्या.

मुलगा असं का म्हणाला ते त्यांना ठाऊक होतं. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत त्यानं जालन्यात तीन खोल्या सोडल्या. जात कुणीच विचारली नाही. जेवायला काय करता, एवढंच विचारलं. लोक हुशार झालेत. तिसऱ्या मालकिणीनं तर त्याचं सामान त्याच्यादेखत जिन्यात काढून ठेवलं, अन् सगळ्यात वर सुकटीचा तवा. तो आता जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होता, त्याची बायको पायल सरकारी दवाखान्यात नर्स. परतुरात स्वतःचा प्लॉट, स्वतःचं घर. ओट्याचा काळा दगड गिरिजाबाईंनी स्वतः बोटं फिरवून निवडला होता. वाटूरला दुसऱ्याच्या रानात खुरपून, घरी येऊन तीन दगडांच्या चुलीवर डोळे जाळलेल्या बाईनं. हा ओटा त्यांना फुकट मिळाला नव्हता.

संध्याकाळी समोरच्या शरयूताईंनी हाक मारली.

“चिमणी घेताय म्हणे? आमची बघून जा. आमची बिनपाइपाची आहे. या ना, आतच या.”

दोन वर्षांच्या शेजारात ‘आतच या’ हे पहिल्यांदा आलं होतं. शरयूताईंचे यजमान शरदचंद्र जांब समर्थच्या रामनवमीला नेमानं जाणारे. गिरिजाबाईंच्या घराची पायाभरणी चालू असताना ते येऊन म्हणाले होते, आपली कॉलनी शांत आहे, शुद्ध आहे. शुद्ध म्हणताना त्यांनी राजानंदकडं नाही, त्याच्या बुटांकडं पाहिलं होतं.

स्वयंपाकघर चकाचक होतं. गिरिजाबाई चिमणीखाली उभ्या राहिल्या.

“इतकी महाग कशाला घेतली म्हणते मी, दोन माणसांच्या वरणभाताला?” त्यांनी सरळ विचारलं.

“फोडणीचा ठसका होतो ना यांना. अन् आमचा ऋषी पुण्याहून आला की काहीबाही करत असतो.” शरयूताईंनी जाळी खाली काढली. “बघा, किती सोपी निघते धुवायला.”

जाळी गिरिजाबाईंच्या हातात आली. मधे पिवळा चिकटा होता, तो तेलाचा. पण कोपऱ्यात पांढरं काहीतरी थिजलेलं होतं. गिरिजाबाईंनी अंगठ्यानं ते खरवडलं अन् नाकाशी नेलं. बोकडाची चरबी. साठ वर्षांचं नाक होतं ते, त्याला कोण फसवणार?

शरयूताईंनी जाळी जरा घाईनंच परत घेतली.

“तूप फार लागतं आमच्याकडं,” त्या म्हणाल्या.

“आसंल,” गिरिजाबाई म्हणाल्या. अंगठा पदराला पुसत त्या बाहेर पडल्या.

घरी येताच त्यांनी राजानंदला सांगितलं, “पाइपाची घे.”

“माय, समोरचे लोक काय म्हणतील?”

“घर कोणाचंय?”

“आपलं.”

“मंग भाडेकरूवानी का बोलून राह्यला?”

दुसऱ्या दिवशी पाइपाची चिमणी आली. सोबत मिस्त्री राधेश्याम आला. त्यानं पाइप मापला.

“मास्तर, मागच्या बाजूनं न्यायचा तर बाथरूमवरून तीन वाकणं पडतेत. ओढ मरती. पुढच्या भिंतीतून बराबर सरळ निघतो. फकत तोंड रस्त्याकडं होतं बघा, समोरच्या घराकडं.”

राजानंदनं खिशातली पेन्सिल काढली. मग त्यानंच पुढच्या भिंतीवर गोल आखला. गोल वाकडा आला, तर त्यानं तो पुसून पुन्हा नीट आखला. गिरिजाबाईंनी ते पाहिलं अन् त्या अंगणात आल्या.

शरयूताई फाटकाशी उभ्या होत्या.

“पाइपाची घेतली?”

“हो. पुढूनच काढली.”

शरयूताई घुटमळल्या. आवाज एकदम खाली आला. “गिरिजाबाई, रविवारी तुमच्याकडं असतंच ना? ऋषी आलाय. त्याला डबा घेऊन पाठवू का? अंधार पडल्यावर येईल तो, मागच्या बाजूनं. यांना नको कळायला. मलाही जरासं...”

गिरिजाबाईंच्या गळ्याशी चार शिव्या आल्या. तीन खोल्यांच्या तीन, अन् एक शुद्ध कॉलनीची. मोठ्यानं एक शब्द बोलल्या असत्या तरी आख्ख्या गल्लीनं ऐकला असता. त्यांनी शिव्या गिळल्या. भिऊन नाही. आता शिव्यांची गरज नव्हती.

“डबा न्हाई देत मी कोणाला,” त्या म्हणाल्या. “ताटावर वाढीन. तुम्ही बी या, पोराला बी आणा. दुपारी बाराला. अन् पुढच्या दारानं.”

शरयूताईंनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. आत राधेश्यामचं मशीन घरघरायला लागलं. भिंतीतून विटेची लाल भुकटी रस्त्यावर उडू लागली, शरयूताईंच्या साडीवर बसू लागली. तरी त्या फाटकाशीच उभ्या होत्या.