थंड टायर

फुफ्फुसांच्या आजारातून उठल्यावर डॉक्टरांनी निरीक्षकाला बजावले होते की, जे बळ हिवाळा सरेपर्यंत परतणार नाही, त्याची पुढे आशा धरू नये. दुकानांतली वजनमापे तपासण्यात हयात गेलेल्या माणसाला असल्या घाऊक विधानांचा तिटकारा असतो. "डॉक्टरांनी मोजलंय कुठे?" असे बायकोला विचारून त्याने मागच्या खोलीत सायकल मांडली. मागचे चाक एका लोखंडी रोलरवर दाबून बसवायचे, जागच्या जागी पायडल मारायचे आणि पायांची शक्ती समोरच्या पडद्यावर वॅटमध्ये वाचायची, असे ते यंत्र होते.

आजारापूर्वी चढाच्या शर्यतीत तो सायकल क्लबच्या संघाचा पुढारी असे. यंदाही संघ निवडणाऱ्या मास्तरांनी त्याची जागा राखली होती. अट एकच: हिवाळ्याअखेर वीस मिनिटे सलग अडीचशे वॅट. थंडी सुरू होण्याआधीच्या पहिल्या चाचणीत दोनशे दहा भरले होते.

खोली उत्तरेची, भिंतींना ओल, खिडकीची फट रद्दीने बुजवलेली. कामावरून आला की तो तिथे शिरे आणि बसताक्षणी यंत्राची पारख करी. चाकाला वेग देऊन पाय सोडायचे. चाक थांबायला किती वेळ लागतो त्यावरून यंत्र स्वतःचा अवरोध ठरवी आणि पुढचे सारे आकडे त्या हिशेबाने देई. ही पारख त्याने कधी चुकवली नाही. कडाका वाढत गेला, हातमोजे चढले, आणि आकडाही चढत गेला.

"अहो, पण जिन्यावर अजून धाप लागते तुम्हांला," बायको म्हणाली.

"धाप ही भावना आहे. वॅट हे माप आहे."

"मग भावनेला जरा खुर्चीवर टेकवा. कधीपासून भिंतीला धरून उभी आहे."

अडीचशेचा आकडा दिसला त्या संध्याकाळी त्याने मास्तरांना फोन केला.

"काय निरीक्षकसाहेब, मापात पाप नाही ना?" मास्तर हसले. "या आठवड्यात नाव पाठवतो मग."

निरीक्षकही हसला. तेवढ्याने त्याला खोकल्याची उबळ आली.

त्या खोकल्यापायीच बायकोने दिवाणखान्यातला हीटर उचलून मागच्या खोलीत नेला आणि दुपारीच लावून ठेवला. संध्याकाळी त्याला खोली उबदार मिळाली आणि आकडा तीस वॅटनी कोसळला. उष्म्याने शरीर लवकर थकते, असे त्याने स्वतःला समजावले. दुसऱ्या दिवशी सुरुवात सावकाश करूनही आकडा सावरेना.

"तो हीटर आधी बाहेर काढ!"

"का? हीटरने पाय मोडले का तुमचे?"

त्याने खाली उतरून टायरला हात लावला. टायर गरम होता.

थंड टायर ताठ असतो. पारखीच्या वेळी चाक लवकर थांबते, आणि यंत्राला वाटते की अवरोध फार आहे, म्हणजे पायांना कष्ट फार. पुढे रबर तापते, चाक हलके होते, पण यंत्र जुन्याच भावाने वॅट देत राहते. खोली जितकी गार, तितके दान मोठे. हिवाळाभर बळ वाढले नव्हते. पारा उतरला होता.

दुकानातला विजेचा काटा तापू दिल्याशिवाय तो कधी तपासत नसे. घाई करणाऱ्या दुकानदारांना त्याने यावरून चारचौघांत झापले होते. स्वतःच्या काट्याबाबत त्याला शंका आली नाही, कारण चूक त्याच्या पारड्यात पडत होती.

त्याने टायर नीट तापवला, मगच पारख केली आणि जीव तोडून वीस मिनिटे चालवली. दोनशे नऊ. डॉक्टरांनी काहीच मोजले नव्हते, आणि तरी ते बरोबर होते.

"मास्तर, माझी जागा दुसऱ्याला द्या."

"अहो, परवाच तर अडीचशे म्हणालात!"

"मापात पाप होतं."

मास्तर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू की."

"नाही," निरीक्षक म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने हीटर स्वतःच दिवाणखान्यात नेऊन ठेवला. खिडकीतली रद्दी उपसून काढली, खोली गार पडेपर्यंत थांबला, बसताक्षणी पूर्वीसारखी पारख केली आणि पायडल मारू लागला. थोड्या वेळाने पडद्यावर अडीचशे उमटले.

बायको टॉवेल घेऊन दारात उभी राहिली. "अहो, आता हे कशाला? खोटं आहे ते. तुम्हीच सांगितलंत ना?"

"मीच सांगितलं."

"मग?"

त्याने आकड्यावरची नजर काढली नाही.

"दार लावून घे," तो म्हणाला. "ऊब येतेय आत."