तीसपैकी तीस

"खानोलकरांच्या घराण्यात आजवर कुणाचं डोकं गंजलेलं नाही," असं शामकांतांनी दवाखान्याच्या भरल्या हॉलमध्ये जाहीर केलं आणि भलत्याच्याच नंबरावर उठून आत निघाले. जाईने त्यांना बाही धरून परत बसवलं.

"बाबा, आपला नंबर यायचाय अजून."

"ठाऊक आहे. पाय मोकळे करत होतो."

शामकांतांनी तीस वर्षं जहाजांची इंजिनं सांभाळली होती. गेल्या महिन्यात मात्र ते सेंगकांगच्या एलआरटीत, वस्तीभोवती फिरणाऱ्या छोट्या रेल्वेत, बसले आणि अडीच तास त्याच लूपवर फिरत राहिले. स्टेशनवरून फोन आला तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच, की गाडीच गोल फिरते, तिला मी काय करू? जाईची आई, सुलभाताई, हसल्या होत्या. जाई हसली नव्हती. ती सरकारी विद्यापीठात ऑक्युपेशनल थेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होती. ही तपासणी तिनेच हट्टाने ठरवली होती. इथे काही सापडलं तरच पुढे मोठ्या इस्पितळात पाठवणार होते.

आत तिघं टेबलाशी बसल्यावर डॉक्टरीणबाईंनी एक कागद पुढे ओढला. जाईने तो उलट बाजूनेही ओळखला.

स्मरणशक्ती तपासायचा तोच कागद. त्याची विद्यापीठातली प्रत, 'वर्गाबाहेर नेऊ नये' असा शिक्का मारलेली, तिने बॅगेतून गुपचूप घरी आणली होती. प्रॅक्टिकलच्या तयारीला पेशंट लागतो, आणि घरात फुकटचा पेशंट एकच. दोन सेमिस्टर रोज जेवण झालं की टेबल पुसायचं आणि शामकांतांनी पेशंट व्हायचं. ते अडले की जाईला राहवायचं नाही, ती उत्तर सांगून टाकायची. तिला परीक्षेत डिस्टिंक्शन मिळालं. पेशंटची तयारीही उत्तम झाली होती, हे तिच्या आत्ता लक्षात येत होतं.

"अंकल, पाच शब्द सांगते, लक्षात ठेवा. लॅडर, मँगो, बेल, कॉटन, यलो."

बाईंची नजर कागदावर होती. बाबांचे ओठ बाईंच्या अर्धा शब्द पुढे चालले होते, हे फक्त जाईला दिसलं.

शंभरातून सात-सात वजा करत ते खाली उतरले, ते इंजिनरूमच्या शिडीवरून उतरावं तसे, न बघता. कागदावर घड्याळ काढलं, काटे अकरा वाजून वीस मिनिटांवर. तारीख विचारल्यावर त्यांनी मुठीतली नंबराची चिठ्ठी उलगडून तिच्यावर छापलेली तारीख वाचली.

"चीटिंग, अंकल," बाई हसत म्हणाल्या.

"लॉगबुक न बघता तारीख सांगतो त्याला आम्ही जहाजावर ठेवत नसू," शामकांत इंग्रजीत म्हणाले. बाईंना ते फार आवडलं. त्यांनी तो मार्कही देऊन टाकला.

"थर्टी अपॉन थर्टी. अंकल माझ्यापेक्षा शार्प, लाह," बाई इथल्या इंग्रजीच्या हेलात म्हणाल्या.

सुलभाताईंनी महिनाभर कोंडलेला श्वास सोडला आणि टेबलाखाली लेकीचा हात घट्ट दाबला. बाईंनी पेन मिटलं.

"तू स्टुडंट ना? तुला आणखी काही सांगायचंय?"

जाईने तोंड उघडलं. सांगायचं तर कागदाचं सांगावं लागणार. कागदाचं सांगितलं की विद्यापीठ, चौकशी, पुढच्या महिन्यातली इस्पितळातली प्लेसमेंट. आईचा हात अजून तिच्या हातावर होता.

"नो, डॉक्टर."

"गुड. मग वर्षभराने या."

घराच्या ब्लॉकखाली पोहोचेपर्यंत सुलभाताई बोलत होत्या.

"उगाच घाबरवलंस हो मला. थोडं शिकलं की पोरांना घरातच पेशंट दिसायला लागतात."

"हं."

"अहो, आज साबुदाणावडे करते."

"कर," शामकांत म्हणाले. "फुल मार्कांना दोन जास्त."

सुलभाताई पत्रपेटी उघडायला मागे थांबल्या. लिफ्ट आली. शामकांत आधी आत शिरले, रुबाबात बटणांसमोर उभे राहिले आणि त्यांनी बोट उचललं. बोट चारवर गेलं. तिथून नऊवर. मग बाराच्या आसपास जरा रेंगाळलं. या ब्लॉकमध्ये ते अकरा वर्षं राहत होते. या वेळी जाईने उत्तर सांगितलं नाही.

दार मिटलं. लिफ्ट जागची हलली नाही.

शामकांतांनी बोट खाली घेतलं, रिकामा हात खिशात घातला आणि दुसऱ्या हाताची मूठ तिला दाखवली.

"जाई, बटण तेवढं तू दाब गं. माझ्या हातात ही चिठ्ठी आहे."